भांडी घासायचा दगड

पहाटे चारला मटकी चढवतो.
काळा मसाला कढईत पडला की
समोर स्टँडवर पहिल्या एसटीचा ड्रायव्हर शिंकतो,
आणि सिन्नरात उजाडतं.

गल्ल्याखालच्या खणात सुट्टे पैसे, बडीशेप,
काथ्याचे चार ब्रश, बांबूच्या काड्या, मोजपट्टी
आणि तेलाचे डाग पडलेली पिवळी वही.
गिऱ्हाईक विचारतं, भडांगे, रंगकाम घेता का?
उलटं, म्हणतो मी. रंग काढायचं घेतो.

रविवारी अकराला शटर अर्धं.
सोबत सहा पोरं, मॅच असली तर दोन,
फायनल असली तर मी एकटा.
गोंदेश्वराला सगळेच जातात, फोटो काढतात.
आम्ही जातो
बारवेच्या चौदाव्या पायरीवरच्या गाळात,
ऑइलपेंटनं निळ्या झालेल्या द्वारपालाकडे,
शाळेच्या कंपाउंडात उलट्या गाडलेल्या नागाकडे.
तारेचा ब्रश नाही. ॲसिड तर नाहीच.
पाणी, काथ्या आणि दम.
दम मला तर्रीनं शिकवला,
आच वाढवली की करपते, तेल काही वर येत नाही.

वहीत नोंद आहे:
'खळवाडी, ओढ्याकाठी. वीरगळ एक. धुणं धुतात.'
त्या बाईला मी केवढा बोललो होतो!
बाई, हा कुणाचा तरी बाप,
गावची गुरं सोडवताना मेलेला,
आणि तुम्ही ह्याच्यावर चादरी आपटता?
ती पिळा झटकत म्हणाली,
मग दुसरा दगड दे.
माझ्याकडे दुसरा दगड नव्हता.
भाषण होतं, ते दिलं.

मार्गशीर्षात आमची मोरी तुंबली.
बारकूनं पहार घातली, हुंकार भरला,
आणि तीस वर्षं आमची पातेली जिच्यावर घासली गेली
ती फरशी उलटली.

खाली माणूस होता.

आडवा पडलेला, मुठीत तलवारीचं बुडखं,
उशाशी तीन गाई, एकीचं शिंग शाबूत.
वरच्या चौकटीत लढाई.
तिच्या वर दोन बायका त्याला दंडाला धरून नेताहेत,
लग्नघरात पाहुण्याला नेतात तसं.
अगदी वर चंद्र आणि सूर्य,
म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहील.
नाव कुठंच कोरलेलं नाही.
खरकट्याचा वास येत होता त्याला. आमच्याच.

ठकूबाई पदराला हात पुसत आली.
"मला ठाव होतं," म्हणाली.
"राख काढताना कडेखाली बोटं जायची,
कुणाचा तरी पाय लागायचा."
मग सांगितलं का नाही?
"तुम्ही कधी मोरीत आलात?"

रात्री वही उघडली.
ठिकाण: भडांगे मिसळ, स्टँडसमोर.
स्थिती: पालथा. वापर: भांडी.
पुढचा रकाना मीच आखलेला, पूर्वी कधी तरी, रागात:
'हानी कोणी केली.'
आधी वडिलांचं नाव लिहिलं, फरशी त्यांनी बसवलेली.
मग खोडलं.
ते वारले तेव्हा मी बावीसचा होतो,
तेव्हापासूनची पातेली माझी.

पुरातत्त्व खात्याला पत्र गेलं, पोच आली.
साहेब यायचे आहेत.
तोवर तो गल्ल्याच्या उजवीकडे
गोणपाटावर उभा, भिंतीला टेकून.
लोक त्याच्यावर हेल्मेट ठेवतात, मी उचलतो.
परवा एका म्हाताऱ्यानं बिल देऊन जाताना
त्याच्यापुढे जिलेबीचा तुकडा ठेवला.
मुंग्या लागतील म्हणून उचलायला गेलो,
राहू दिला.

कडप्प्याच्या फरश्या दोन आणल्या.
एक टेम्पोत टाकून खळवाडीला पोचवली.
ती बाई काही बोलली नाही,
फक्त ठोकून बघितली, मडकं बघतात तशी.
दुसरी आमच्या मोरीत बसवली.

आता सकाळी मीही मोरीत जातो, दहा मिनिटं.
ठकूबाई नव्या फरशीवर कुरकुरते.
"गुळगुळीत मेली. पातेलं निसटतं हिच्यावर.
तो बरा होता," म्हणते,
"धरून ठेवायचा."